ज्यांना कळवायचं राहिलं

2016 च्या नोव्हेंबरात विजय साजरा करायला शिकागोतली माणसं खडू घेऊन निघाली. रिगली फील्ड या बेसबॉलच्या जुन्या मैदानाच्या विटांच्या भिंतीवर त्यांनी नावं लिहिली. आजोबांचं, आईचं, मामाचं. हात पोहोचेल तिथवर भिंत भरली, आणि त्यांतली कितीतरी नावं हयात नसलेल्यांची होती.

शिकागो कब्स हा संघ 108 वर्षांनी वर्ल्ड सीरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकला होता. आधीचं विजेतेपद 1908 च्या ऑक्टोबरातलं. त्याच वर्षी जुलैत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती, हे आठवलं की तो काळ किती मागे पडला ते ध्यानात येतं. मधल्या काळात शिकागोत जन्मलेली, जन्मभर कब्सचीच राहिलेली आणि एकही विजेतेपद न पाहता गेलेली माणसं किती असतील, कोण मोजणार!

बरं, हा संघ नुसता हरत नसे, आशा लावून हरत असे. 1984 मध्ये अंतिम फेरीसाठी तीनपैकी एक सामना हवा होता; तिन्ही गमावले. 2003 मध्ये अंतिम फेरी गाठायला फक्त पाच गडी बाद करायचे राहिले होते, तिथून घसरले. 1945 साली एका गुत्तेवाल्याला त्याच्या बोकडासह मैदानात बसू दिलं नाही, तेव्हाचा त्याचा शाप भोवतो आहे, असं लोक म्हणत. कारभाऱ्यांच्या ढिसाळपणापेक्षा बोकडाला बोल लावणं सोपं. अर्नी बँक्स हा त्यांचा सगळ्यांत लाडका खेळाडू. 19 हंगाम एकाच संघातून खेळला, 512 होमरन मारले, पण हंगामानंतरच्या बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तो गेला जानेवारी 2015 मध्ये. दोन वर्षंही थांबता आलं नाही.

शाप उतरला तो कुठल्या तोडग्याने नव्हे. थिओ एपस्टाइन या व्यवस्थापकाने आधी बॉस्टनच्या संघाचा विजेतेपदाचा 86 वर्षांचा दुष्काळ संपवला होता. शिकागोत येऊन त्याने जुने खेळाडू विकले, काही हंगाम हरण्याची तयारी ठेवली. 2012 मध्ये संघ 162 पैकी 101 सामने हरला. तिथल्या तेव्हाच्या नियमाने तळाच्या संघांना नव्या खेळाडूंची निवड आधी करता येत असे. त्यातून पुढच्या वर्षी क्रिस ब्रायंट मिळाला.

अंतिम मालिकेत कब्स क्लीव्हलंडविरुद्ध 3-1 ने मागे होते. तिथून 3-3 केले. सातव्या सामन्यात आठव्या इनिंगपर्यंत आघाडी, आणि मग राजाई डेव्हिसच्या एका फटक्याने 6-6. शिकागोतल्या जुन्या मंडळींना पुढचं सगळं पाठ होतं! नऊ इनिंग झाल्या आणि पाऊस आला. 17 मिनिटांचा खंड. त्यानंतर बेन झोब्रिस्टच्या फटक्याने आघाडी परत आली. 8-7 असताना शेवटचा चेंडू जमिनीलगत घरंगळत ब्रायंटकडे आला. चित्रफितीत स्पष्ट दिसतं, चेंडू उचलतानाच तो हसतोय. पाय घसरला, तरी फेक सरळ अँथनी रिझोच्या हातात. रिझोने तो चेंडू मागच्या खिशात घातला.

आता चाहत्याने यात काय केलं? खरं तर काहीच नाही. संघाला त्याचं नावही ठाऊक नसतं. त्याने हा संघ पारखून निवडलेला असतो असंही नाही. कुलदैवतासारखा तो घरातूनच आलेला असतो. बापाने रेडिओला कान लावला म्हणून मुलगा शेजारी बसला, एवढंच. त्या रात्री इंडियानात एक मुलगा वडिलांच्या थडग्यापाशी बसून रेडिओवर हा सामना ऐकत होता. कधी काळी दोघांनी तसं ठरवलं होतं म्हणे.

फार वाट पाहिली की आनंद मोठा होतो, हे मला अर्धंच पटतं. वाट पाहण्यात माणसं खर्ची पडतात, आणि जो उरतो त्याच्या हाती सगळ्यांचा आनंद येतो. तो त्याला एकट्याला पेलत नाही. कुणाला तरी फोन करावासा वाटतो, आणि फोन उचलायला ते माणूस नसतं. मिरवणुकीला 50 लाख लोक आले असा अंदाज शहराने दिला. आकडा फुगवलेला असेलही. पण गर्दीत उंच धरलेल्या फोटोंतली माणसंही धरली, तर मला तो कमीच वाटतो.

त्या रात्री हरलेल्या क्लीव्हलंडचं शेवटचं विजेतेपद 1948 चं. कब्स जिंकल्यावर सगळ्यांत लांबलेल्या प्रतीक्षेचा नकोसा मान त्यांच्याकडे गेला. तरी तिथल्या एखाद्या आजोबांना 1948 चा तो विजय आठवत असेल, नातवंडांना सांगता येत असेल. शिकागोतल्या आजोबांकडे तेवढंही नव्हतं.