पाया पडणे आणि पंगत

वाटेत वारकरी वारकऱ्याला भेटला की दोघेही वाकतात. वय पाहत नाहीत, जात तर विचारीतच नाहीत. 'माउली' म्हटले की संपले. ही आपल्या संप्रदायाची रीत, आणि आम्हांस तिचा अभिमान आहे. पण मंडळी, बारस सोडून गावी परतल्यावर त्याच माउलीशी आपण कसे वागतो, हे ज्याचे त्याने मनाशी आठवून पाहावे. काही गावांत मसणवाटासुद्धा अजून वेगळ्या आहेत.

महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना ते भिंतीखाली सापडले आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी येथे आणल्या, ही कथा लहान पोरालाही ठाऊक. सुमारे ६०० वर्षे आपण त्या समाधीला हात जोडून आत जात राहिलो. चोखोबांचे भाऊबंद मात्र तिथूनच मागे फिरले. गेलेल्याला संत म्हणायचे आणि त्याच्या नातवा-पणतवांना बाहेर ठेवायचे! हे विठ्ठलाने कधी सांगितले? तरी ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली महाराष्ट्रभर हिंडून, १ मे ते १० मे पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपाशी बसावे लागले. ज्या वाळवंटात संतांनी समतेची कीर्तने केली, तिथेच एका भल्या माणसाला त्यासाठी प्राण पणाला लावावे लागावेत, याची लाज आम्हांस वाटते.

यावर कित्येक जण म्हणतात, 'अहो, देवाच्या घरी सगळे सारखेच. भेद वरवरचा, अंतरी समभाव असला म्हणजे झाले. त्यात कायदा कशाला हवा?' हे बोलणे गोड आहे खरे. पण बोलणारा कोण, हे पाहावे. तो बहुधा आत उभा असतो. अंतरीच्या समभावाला त्याची दमडी लागत नाही. उन्हात बाहेर उभा राहतो तो दुसराच. त्याला विचारा भेद वरवरचा आहे का ते.

दया आणि हक्क यांत आम्हांस मोठे अंतर दिसते. दया करणारा उद्या रुसला की दार बंद. हक्क असला म्हणजे कुणाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ साली ती पाळणाऱ्यास शिक्षेचा कायदा आला. त्या कायद्याच्या नावात आधी 'अस्पृश्यता' आणि 'गुन्हे' होते. १९७६ साली नाव बदलून 'नागरी हक्क संरक्षण' झाले. बदल नावाचाच, पण आम्हांस तो फार आवडतो. आधी दोषी पुढे होता. आता ज्याचा हक्क आहे तो पुढे आला.

मात्र पंगतीत कोण कुणाशेजारी बसला, हे पाहायला शिपाई येत नाही. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या तेव्हा एकाच दिंडीतली माणसे जातीप्रमाणे वेगळी जेवताना पाहून त्यांना वाईट वाटले, आणि त्यांनी ते लिहून ठेवले. आम्ही ते वाचले तेव्हा आधी राग आला. मग आमच्याच फडातल्या जुन्या माणसांना विचारले. एक म्हातारबाबा बराच वेळ टाळाची दोरी चाळवीत बसले. मग म्हणाले, "खोटं नाही लिहिलं बाईंनी. आमची चूल बी येगळीच हुती."