बिनखर्चाचा चित्रपट

आमच्या पुतण्याने चित्रपट काढला. कॅमेरा मोबाइलचा, पटकथा फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर लिहिलेली. दिव्यांच्या जागी खिडकीतले ऊन आणि ते परतवायला थर्माकोलचा पांढरा पत्रा. "काका, खर्च जवळजवळ शून्य!" म्हणत त्याने वही दाखवली. पेट्रोल आणि चहा, बस्स. चौदा माणसांचा चार दिवसांचा स्वयंपाक सौ.ने केला होता, तो वहीत नव्हता. आणि त्या सगळ्यांना जेवायला बोलावणारा मीच!

मला दादासाहेब फाळके आठवले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, मंडळींना रांधून घातले, रात्री जागून कोऱ्या फिल्मला भोके पाडली. आपण गोडवे गातो ते फाळक्यांच्या जिद्दीचे. आनंदाने दिलेले मोजू नये म्हणतात; पण हे घेणाऱ्यानेच ठरवायचे काय? मोजले तर प्रेमाची मजुरी होईल, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. पटली नाही.

ओशाळून सौ.ला म्हटले, "श्रेयनामावलीत तुझे नाव घालायला सांगतो."

"ती शेवटी येते ना?" पोळी उलटत ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही चपला शोधत असता."