पडद्यावरचा चोर आणि दारातला चोर

चांगला चित्रपट पाहून घरी परतणारा मनुष्य थोडा वेळ तरी मवाळ झालेला असतो. पडद्यावरच्या एखाद्या अपराध्यासाठी त्याचे डोळे ओले झालेले असतात. पण दुसऱ्या दिवशी त्याच्याच अंगणातून तांब्या उचलताना कोणी पोर सापडले, तर तोच मनुष्य म्हणतो, "याला चांगला चोप द्या!" या दोहोंपैकी त्याचे खरे मन कोणते? सिनेमाने मन बिघडते की सुधारते, हा वाद आपल्या घराघरांतून पुष्कळ झाला आहे. मला त्याहून निराळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पडद्याकडे पाहताना जी दया आपल्याला येते, ती खरोखर आपली असते काय?

व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' हा १९४८ सालचा इटालियन चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. महायुद्धानंतरचे रोम शहर. बेकार आन्तोनिओला भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते. पण सायकल असेल तरच. सायकल तर गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि सायकल सोडविते. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. मग बाप आणि त्याचा लहान मुलगा ब्रूनो शहरभर वणवण हिंडतात. शेवटी हताश होऊन आन्तोनिओ स्वतःच एक सायकल पळवू पाहतो आणि ब्रूनोच्या डोळ्यांदेखत लोकांच्या हाती सापडतो.

त्या क्षणी आपण सारे आन्तोनिओच्या बाजूचे असतो. परंतु वाचकहो, त्याची सायकल नेणारा पहिला चोर आठवा. तोही गरीबच. पोलीस त्याच्या घरी जातो तेव्हा ती कोंदट खोली आपल्याला दिसते, त्याची आईही दिसते. आपण मात्र त्याच्यावर रागावलेलेच राहतो. असे का? त्याच्या घरी काय गहाण पडले होते, ते आपल्याला कोणी दाखविलेले नाही. मूळ इटालियन नावात 'चोर' हा शब्द अनेकवचनी आहे, म्हणजे चोर एक नाही. अमेरिकेत मात्र हा चित्रपट एकवचनी नावाने दाखविला गेला. दोन चोरांपैकी एकालाच आपण क्षमा करतो, कारण कॅमेरा त्याच्याच मागून चालला. ही दया आपण कमावलेली नाही. ती दिग्दर्शकाने आपल्या हातात आणून ठेवली.

आता शेवटच्या प्रसंगातील सायकलचा मालक पाहा. त्याला चादरींची गोष्ट ठाऊक नाही, बेकारीची नाही, दिवसभराच्या वणवणीचीही नाही. त्याला दिसते ते एवढेच, की रडणारे एक मूल बापाला बिलगले आहे. तेवढ्यावरून तो म्हणतो, सोडून द्या. सारे जाणून आपण जी क्षमा केली, तिला आपला पैसाही पडला नाही. त्याने काही न जाणता क्षमा केली, आणि वस्तू तर त्याचीच जात होती. कोणाची क्षमा मोठी?

येथे कोणी विचारील, "मग चोरी ही चोरी राहतच नाही काय?" राहते. मालकाने माणसाला सोडले, पण सायकल देऊन टाकली नाही. शरमेने रडत चाललेला आन्तोनिओ स्वतःला निर्दोष समजत नाही. क्षमा म्हणजे दोष पुसून टाकणे नव्हे, हे तो चित्रपट स्पष्ट सांगतो.

हाच चित्रपट सत्यजित राय यांनी १९५० साली लंडनमध्ये पाहिला आणि आपणही चित्रपट करायचा असा निश्चय केला. त्यातून १९५५ साली 'पथेर पांचाली' आला. त्यात शेजारीण दुर्गेवर माळ चोरल्याचा आळ घेते. दुर्गा नाकारते, आईचा मार खाते. आपण तिच्या मागे पेरूच्या बागेत, काशाच्या फुलांत हिंडलेलो असतो. म्हणून आळ खोटाच असणार, असे धरून चालतो. ती मरण पावल्यावर, गाव सोडण्याच्या वेळी, अपूला ती माळ घरातच सापडते. आळ खरा होता! अपू ती मुकाट्याने तळ्यात टाकतो. येथे राय आपली चांगलीच परीक्षा घेतात. दुर्गा निर्दोष असेल तरच ती प्रिय, अशी आपली अट होती काय? अपूची तशी अट नव्हती.

सिडनी ल्युमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) याच्या अगदी उलट टोकाचा. बापाच्या खुनाचा आरोप असलेला मुलगा आपल्याला क्षणभरच दिसतो. त्याचे घर नाही, आई नाही, आसवे नाहीत. पहिल्या मतदानात अकरा पंच त्याला दोषी म्हणतात. एकटा बारावा पंच म्हणतो, एका जिवाचा प्रश्न आहे, निदान बोलू तरी या. मुलगा निर्दोष आहे असे तोही म्हणत नाही, आणि शेवटपर्यंत खरे काय ते आपल्याला कळत नाही. ज्याची कहाणी कोणी दाखविली नाही, त्याच्यासाठीही क्षणभर थांबणे, याला मी न्याय म्हणतो.

आपल्या रोजच्या जीवनात कॅमेरा कोणाच्याच मागून चालत नाही. मोलकरीण, पेपर टाकणारा पोऱ्या, बदनाम झालेला शेजारी, यांच्या घरची खोली आपल्याला कोणी दाखवीत नाही. म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात एखाद्या मुलाची पेन्सिलपेटी हरवते, आणि सर्वांच्या नजरा सर्वांत फाटका सदरा घातलेल्या मुलाकडे वळतात. त्याचेच दप्तर आधी झाडू नका. आणि पेटी त्याच्याच दप्तरात निघाली, तर ती मालकाला अवश्य परत द्या. पण त्या मुलाला वर्गासमोर उभे करण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन या.