खरे सांगण्याची वेळ

गेल्या पावसाळ्यात माझी नात आठ दिवस आमच्याकडे राहायला आली होती. तिने मला लागोपाठ दोन संध्याकाळी दोन इंग्रजी चित्रपट दाखवले. दोहोंचे नाव एकच, ‘फेम’, म्हणजे कीर्ती. पहिला १९८० सालचा; दुसरा त्याचीच नवी आवृत्ती, २००९ सालची. दुसरा चित्रपट संपल्यावर नातीने मला एक प्रश्न विचारला. आजोबांनी जन्मभर गाणे शिकवले, तेव्हा ते चटकन उत्तर देतील अशी तिची समजूत असावी. मी तिला त्या रात्री उत्तर दिले नाही. तोच प्रश्न मला पूर्वी एकदा निराळ्या तोंडून ऐकावा लागला होता, आणि तेव्हाही मी गप्प बसलो होतो.

प्रश्न कळायचा तर आधी गोष्ट कळायला हवी. दोन्ही चित्रपटांत एकच शाळा आहे, आणि ती काल्पनिक नाही. गाणे, नाच आणि नाटक शिकवणारी ही सरकारी शाळा १९४८ साली न्यूयॉर्कच्या शेहेचाळिसाव्या रस्त्यावर सुरू झाली. पुढे १९८४ साली ती संगीत व चित्रकलेच्या एका जुन्या शाळेबरोबर लिंकन सेंटरजवळच्या नव्या इमारतीत गेली. ती जुनी शाळा १९३६ साली महापौर ला गार्डिया यांनी काढली होती, आणि आज त्या एकत्र शाळेला त्यांचेच नाव आहे. फी नाही, पण प्रवेश मिळतो तो परीक्षकांपुढे गाऊन, नाचून किंवा अभिनय करून दाखवल्यावरच. परीक्षा द्यायला येतात ती चौदा वर्षांची मुले. त्या वयात ‘तुझ्यात काहीतरी आहे’ हे शब्द शाळेच्या तोंडून ऐकले म्हणजे मूल ते जन्मभर जपून ठेवते. प्रवेश देणे हे एक प्रकारचे वचनच असते. माझ्या नातीच्या प्रश्नाचे मूळ मला इथेच सापडते.

पहिला चित्रपट अॅलन पार्कर या इंग्रज दिग्दर्शकाचा. शाळेत चित्रण करू द्यायला तिथल्या शिक्षणखात्याने नकार दिला, म्हणून त्याने दुसरीकडे शाळा उभी केली. प्रवेशपरीक्षा, मग एकेक करून चार वर्षे, आणि शेवटी निरोपाचा समारंभ, अशी चित्रपटाची सरळ मांडणी आहे. त्यातले प्रवेशपरीक्षेचे दृश्य विसरता येत नाही. एक मुलगी नाचाच्या परीक्षेला येते आणि जोडीला म्हणून लिरॉय नावाच्या एका उनाड मुलाला घेऊन येते. परीक्षक लिरॉयला निवडतात आणि तिला परत पाठवतात. ती चिडून निघून जाते आणि पुन्हा चित्रपटात दिसत नाही. पुढे कोको नावाच्या गुणी मुलीला एक भामटा चित्रपटात काम देण्याच्या मिषाने घरी बोलावतो आणि कॅमेऱ्यासमोर तिची विटंबना करतो. कीर्तीच्या दाराशी कोणकोण उभे असते हे पार्करने काही झाकून न ठेवता दाखवले. म्हणूनच अमेरिकेत सतरा वर्षांखालच्या मुलांना हा चित्रपट मोठ्या माणसाच्या सोबतीवाचून पाहता येत नसे. संगीतासाठी आणि शीर्षकगीतासाठी त्याला दोन ऑस्कर मिळाली.

नवा चित्रपट केविन टँचरोन याचा. सांगाडा तोच, मुले नवी, त्यांची नावेही नवी. पहिल्या चित्रपटात आणि पुढे दूरदर्शनच्या मालिकेत नृत्यशिक्षिका झालेल्या डेबी अॅलन इथे मुख्याध्यापिका म्हणून दिसतात. तेवढाच जुन्या घरचा माणूस. जुन्या चित्रपटातले बोचरे कोपरे मात्र घासून गुळगुळीत केले आहेत. सगळे घर एकत्र बसून पाहू शकेल असा तो झाला, आणि त्या बदल्यात त्यातली भीतीही गेली. तरीही एक प्रसंग दोन्ही चित्रपटांत राहिला आहे, आणि तोच माझ्या घशात अडकला.

पहिल्या चित्रपटात लिसा नावाच्या मुलीला नृत्यशिक्षिका अर्ध्या वाटेवर सांगते की, तुला नृत्यविभाग सोडावा लागेल. मुलगी भुयारी रेल्वेच्या फलाटावर येऊन उभी राहते. आपला जीव वरखाली होतो. पण ती नाचाचे कपडे तेवढे रुळांवर भिरकावते, आणि नाट्यविभागात जायचे ठरवते. दुसऱ्या चित्रपटात आयोवाहून आलेला केविन नावाचा मुलगा आहे. नाचावाचून त्याला दुसरे काही सुचत नाही. शेवटच्या वर्षी तो आपल्या बाईंकडे शिफारसपत्र मागायला जातो, तेव्हा बाई सांगतात की, व्यावसायिक नर्तक होण्याइतके तुझ्यात नाही. तू शिक्षक चांगला होशील. तोही फलाटावर जातो. मैत्रिणी त्याला सावरतात. पुढे तो नाच शिकवायला आपल्या गावाकडे परततो.

नातीने विचारले, “आजोबा, त्या बाईंनी त्याला असे तोंडावर सांगायला हवे होते का?”

तिची बाजू मला समजत होती. उद्याचे कोणाला दिसते? याच शाळेत अल पचिनो शिकत होता आणि शिक्षण अर्धवट टाकून बाहेर पडला. पुढे तो काय झाला हे सर्वांना ठाऊक आहे. लिरॉयचे काम करणारा जीन अँथनी रे तर त्याहून विलक्षण. तो काही काळ खरोखरच या शाळेत होता, पण तिथे टिकला नाही. ज्या शाळेने त्याला ठेवून घेतले नाही, त्याच शाळेच्या गोष्टीने त्याला जगभर पोचवले. म्हणजे शाळेची मोजपट्टी चुकली म्हणायची? पण हाच रे २००३ साली, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी गेला. कीर्ती मिळाली म्हणजे आयुष्याचे भले झाले, असेही म्हणता येत नाही. मग शिक्षकाने भविष्य का सांगावे? गप्प बसावे, शिकवत राहावे, पुढचे जग पाहून घेईल.

हे सगळे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगत आलो. माझ्या वर्गात एक मुलगा सात वर्षे शिकत होता. सुराला पक्का, पण गळा फिरत नसे, आणि मैफलीत लागते ती हुशारी त्याच्यात नव्हती. मला हे तिसऱ्या वर्षी कळून चुकले होते. मी त्याला म्हणत असे, “छान. रियाज सोडू नकोस.” त्याने रियाज सोडला नाही, नोकरी चालून आली होती ती सोडली. पुढे पस्तिशीच्या सुमारास एकदा घरी आला, चहा घेतला, माझ्या प्रकृतीची चौकशी केली आणि जाताना दारात थांबून म्हणाला, “गुरुजी, तुम्हांला माहीत होते ना?” त्याच्या आवाजात राग नव्हता. मी पायरीवरच्या त्याच्या वहाणांकडे पाहत राहिलो.

मी का बोललो नाही? दयेपोटी, असे मी पुढे अनेकांना सांगितले. पण दया हे त्यातले एक कारण होते. त्याचे मन मोडण्याचा अवघड प्रसंग मला टाळायचा होता. तो लवकर येऊन तंबोरे जुळवून ठेवी, त्याची मला सवय झाली होती. आणि त्याची फी महिन्याच्या महिन्याला येत होती, हेही खोटे नाही. आपल्या मौनात दुसऱ्याविषयीची कणव किती आणि आपली सोय किती, याचा हिशेब माणूस सहसा मांडत नाही.

म्हणून केविनच्या बाईंना मी निर्दय म्हणणार नाही. त्या बोलल्या, मी बोललो नाही. पण त्यांचाही एक अपराध आहे, आणि तो नव्या चित्रपटाच्या लक्षात आलेला दिसत नाही. बाईंना ही गोष्ट त्या दिवशी सकाळीच कळली असेल काय? मुलगा चार वर्षे त्यांच्या डोळ्यांपुढे नाचत होता. त्याने पत्र मागितले नसते तर त्या बोलल्याही नसत्या. लिसाची शिक्षिका कठोर खरी, पण ती वेळेवर बोलली. लिसाजवळ कपडे फेकून देऊन दुसरीकडे वळायला अवधी होता. केविनजवळ परतीचे तिकीट उरले होते. खरे बोलण्याचीही एक वेळ असते; ती टळली की, तेच खरे ऐकणाऱ्याला शिक्षेसारखे लागते.

आणि काय सांगायचे, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे कीर्ती आणि कीर्तन हे शब्द एकाच धातूतून आले आहेत. इंग्रजीतल्या ‘फेम’चे मूळही लॅटिनमध्ये बोलण्याशी, लोकवार्तेशीच जाऊन पोचते. म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना हे कळले होते की, कीर्ती असते ती इतरांच्या तोंडात. ती शिक्षकाने देण्याची वस्तू नाही, आणि ‘तुला मिळणार नाही’ म्हणून हिरावण्याचीही नाही. शिक्षकाला ठाऊक असते ते एवढेच की, आज या मुलाचा गळा, याचे पाय, याचे कान कुठवर आले आहेत, आणि ज्या धंद्यात त्याला उतरायचे आहे तिथे काय लागते. तेवढे त्याने स्वच्छ सांगावे. ‘तू मैफलीचा गवई होशील असे मला दिसत नाही’ आणि ‘तुझे गाणे फुकट आहे’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिले बोलायला भिऊन आपण गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यातून मुलाला एक दिवस दुसरेच ऐकू येते.

‘तू शिक्षक चांगला होशील’ हे बाईंचे वाक्य मला, शिक्षक म्हणून, थोडे झोंबले. जणू गाता येत नाही त्याने शिकवावे! पण विचार करता वाटते, ते वाक्य पहिल्याच वर्षापासून, नकाराच्या शेपटाला न बांधता, कौतुक म्हणून बोलता आले असते. आयोवातल्या एखाद्या गावातली मुले केविनकडे येतील. त्यांतली बहुतेक नर्तक होणार नाहीत. त्यांना वेळेवर आणि मायेने सांगणारा कोणी भेटला तर तो हाच भेटेल. निदान मी तशी आशा करतो.

नात गावी परतल्यावर मी तिला पत्र लिहिले. सांगायला हवे होते, असे कळवले; मात्र दुसऱ्या वर्षी, दार लावून, सावकाश. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला वर्ग उघडून त्याची वाट पाहायला हवी होती. पत्र पेटीत टाकल्यावर माझ्या लक्षात आले की, हे उत्तर तिच्याइतकेच आणखी एका माणसाला देणे लागत होते. त्याचा पत्ता मी जुन्या वहीत शोधून ठेवला आहे. या दिवाळीत त्याला फराळाला बोलावणार आहे. तो आला तर, दारात नव्हे, आत बसवून त्याला सांगेन : होय, मला माहीत होते.