अवधूताची शाळा आणि आपली शाळा

श्रीदत्तजयंतीच्या निमित्ताने दत्तभक्तांपुढे एक प्रश्न ठेवतो. देवळाला जोडून जी छोटी शाळा चालते, तिथल्या मुलांना सहलीला न्यावं का? प्रश्न साधा वाटेल. पण निवृत्तीनंतर डोंबिवलीतल्या अशाच एका शाळेचा जमाखर्च मी लिहितो, आणि दरवर्षी सभेत हा विषय निघाला की दोन तट पडतात.

एक बाजू म्हणते, शुभंकरोती, स्तोत्रं, पाढे आणि वळणदार अक्षर एवढं झालं तरी पुष्कळ. सहलीला खर्च येतो, पाठांतर बुडतं, शिवाय जोखीम. हे म्हणणं खोटं नाही. लोकलच्या गर्दीत वीस पोरं सांभाळणं म्हणजे काय, हे डोंबिवलीकराला सांगायला नको.

पण आपले दत्तगुरू काय सांगतात? भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. आपला संप्रदाय या अवधूतालाच दत्तात्रेय मानतो. पृथ्वी, वारा, पाणी, चंद्र, समुद्र, अजगर, मधमाशी, बाण घडवणारा कारागीर. यातला एकही वर्गात बसून शिकवणारा नाही. सगळे चालता-फिरता भेटलेले.

हे फक्त पुराणातच घडलं असंही नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आणि आता पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळेत येत नसत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. तिला नाव पडलं कुरणशाळा.

गेल्या खेपेस आमची मुलं अंबरनाथच्या शिवमंदिरात गेली. शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ, शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, वर बघितलं तर आभाळ दिसतं. पोरं हरखून गेली. मग शेजारून वाहणाऱ्या वालधुनीकडे बघून एका मुलीने विचारलं, "आजोबा, पाणी गुरू आहे ना? मग त्याला एवढा वास का येतो?"

पाणी स्वभावाने निर्मळ असतं आणि दुसऱ्यालाही निर्मळ करतं, हे तिने वर्गात पाठ केलं होतं. सभेत नंतर एकजण म्हणाले, "देवदर्शनाला नेलं आणि नाल्याचा वास घेऊन आली!" मला मात्र वाटतं, वर्षभरात धर्माचा खरा धडा झाला तो त्याच क्षणी.

कारण अवधूताचे सगळेच गुरू 'असं वाग' असं सांगत नाहीत. कबुतर पिल्लांच्या मोहात जाळ्यात सापडलं, पतंग दिव्यावर झेपावला, मासा गळाला लागला. त्यांच्याकडून अवधूत काय करू नये ते शिकला. निर्मळ पाणी गुरू आहे, तसं माणसाने नासवलेलं पाणीही गुरूच. फक्त त्याचा धडा कडू.

म्हणून पाठांतर सोडा असं मी म्हणत नाही. ते पाठ नसतं, तर त्या मुलीला प्रश्न पडलाच नसता. नाक दाबून पुढे गेली असती. बँकेत आम्ही रोज संध्याकाळी वहीतली शिल्लक आणि तिजोरीतली रोकड ताडून बघायचो. नुसती वही बघून दिवस बंद करता येत नसे, आणि वहीशिवाय नुसती रोकड मोजूनही काही कळत नसे. पाठांतर ही वही, सहल ही रोकड. दोन्हीत फरक निघाला, तर तो शोधायचा.

आता अडचण आपली, थोरांची. तीच पोरं घरी जाऊन विचारतात, "आजी, निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खाडीत का टाकायचं?" पोरांना गप्प बसवणं सोपं आहे. पण मग चोवीस गुरूंची गोष्ट त्यांना सांगायची कुठल्या तोंडाने? सहलीचा खर्च मी वहीत लिहीन, त्याची चिंता नाही. मुलं परत आल्यावर त्यांना खरं उत्तर द्यायची आपली तयारी आहे का, एवढं सभेने आधी ठरवावं.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥