नऊची मीटिंग

मागच्या वर्षी मी टीम लीड झालो. माझा कोड तपासणारी, दोन वर्षं सीनिअर सहकारी मागे राहिली. कारण सांगितलं गेलं, ‘ती संध्याकाळनंतर उपलब्ध नसते.’

ती साडेसहाला निघते. अंधेरीहून भाईंदर, मग पाळणाघर. मीही भाईंदरचाच. रात्री दहाच्या लोकलने येतो, तेव्हा आईने ताट झाकून ठेवलेलं असतं. म्हणजे माझ्या उपलब्धतेमागेही एक बाईच राबते; अप्रेझलमध्ये तिचं नाव नसतं, एवढंच.

५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल धावली. बायकांनी ऑफिसला पोचायची सोय झाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री सक्तीची केली. आमच्या महापालिकेत तर निम्म्या जागा राखीव. मधल्या जिन्याचं काय? तिथे रात्री नऊची मीटिंग असते.

मी अपात्र नव्हतो. पण ते कारण ऐकून गप्प बसलो. ‘फायदा मी कुठे मागितला होता?’ हा युक्तिवाद मला महिनाभर पुरला. मग मीटिंगची वेळ ठरवणं माझ्याच हातात आलं.

आता ती सकाळी अकराला होते. सहकारी मात्र अजून त्याच पदावर आहे.