पकड कुणाची?

मंचेरियालहून आसिफाबाद, वांकिडी करत महाराष्ट्राच्या हद्दीला भिडणारा राष्ट्रीय महामार्ग ३६३ आता चौपदरी आहे. इंजिनाची ताकद वाढवून घेतलेली गाडी इथे सुसाट सुटते. पण तीच गाडी आसिफाबादहून केरामेरीच्या घाटाला लागली, किंवा हंगामात कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकली, की तिला हाफ क्लचवर इंचाइंचाने सरकावं लागतं. मग जळका वास येतो आणि गॅरेजात प्रश्न निघतो: सगळ्यात चांगली क्लच प्लेट कुठली? सेरॅमिक, केव्हलर, की कंपनीचीच?

प्रश्न यंत्राचा वाटतो. त्याच्या तळाशी मात्र तत्त्वज्ञानातला एक जुना वाद आहे: पकड हा गुण नेमका कुणाचा?

वैशेषिक दर्शनाच्या आचार्यांनी गुणांच्या यादीत ‘संयोग’ धरला आणि त्याबद्दल एक विलक्षण गोष्ट सांगितली. रंग एका वस्तूत राहतो, संयोग मात्र एकाच वेळी दोन वस्तूंत राहतो. खांबावर ससाणा येऊन बसतो तेव्हा हलतो एकटा ससाणा. संयोग मात्र दोघांचा. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने ‘संबंधपरीक्षा’ या ग्रंथात याला हरकत घेतली: वस्तू खऱ्या, त्यांच्यातला संबंध ही बुद्धीची रचना. उभ्या गाडीत इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील आणि स्थिर प्लेट एकमेकांना भिडतात, तेव्हा हा वाद हाताला लागतो. घर्षणाचा आकडा एकट्या लायनिंगचा, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा, कधीच नसतो, तो जोडीचा असतो. त्याच लायनिंगवर तेल सांडलं की आकडा कोसळतो. इथे वैशेषिकांचं म्हणणं पटतं.

हिशेब करून पाहावा. क्लच किती टॉर्क पेलेल, हे घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू यांच्या गुणाकारावर ठरतं. ०.३ गुणांक, ५,००० न्यूटन दाब, ९ सेंटिमीटर त्रिज्या आणि २ बाजू धरल्या तर उत्तर येतं २७० न्यूटन-मीटर. गुणांक ०.४५ केला की ४०५. पण जुनंच लायनिंग ठेवून दाब ६,५०० केला तरी ३५१ मिळतात. क्लचचं पेडल थोडं जड होतं, इतकंच. या सूत्रात क्षेत्रफळ कुठेच नाही. ते लागतं उष्णता आणि झीज वाटून घ्यायला.

घर्षणाची ही उष्णता माणसाने एकेकाळी कापसावर पेलली. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडने १८९७ च्या सुमारास ब्रेकसाठी घर्षणाचं साहित्य बनवायला घेतलं. त्याची सुरुवात राळ-डांबराचा संस्कार केलेल्या कापूस आणि केसांच्या पट्ट्यांपासून झाली. पुढे ॲस्बेस्टॉस आलं, आणि त्याची धूळ कामगारांच्या फुफ्फुसांत गेली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. साहित्य निवडताना ते बनवणाऱ्या हातांचाही विचार हवा, हे त्या निकालाने पक्कं केलं.

आजचं, कंपनीच्या प्लेटवर सहसा असणारं ऑरगॅनिक लायनिंग म्हणजे काचतंतू, तांब्या-पितळेची तार, राळ आणि रबर. ते अलगद धरतं. केव्हलर १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेकच्या संशोधनातून आलं. ते मऊ धरतं आणि खूप टिकतं. पण अति तापून एकदा आरशासारखं चकाकलं की सहसा सावरत नाही. गॅरेजात ‘सेरॅमिक’ म्हणतात ते धातूची भुकटी आणि सेरॅमिकचे कण दाबून, तापवून घडवलेलं असतं. ते प्रचंड उष्णता सोसतं, पण धरतं झटक्याने. तो झटका गिअरबॉक्स, ॲक्सल आणि चालकाच्या कमरेपर्यंत पोचतो. शर्यतीत हाच गुण. घाटात, ट्रॅक्टरमागे हाच दोष.

उघडलेली ऑरगॅनिक प्लेट हातात घेऊन कडेने पाहिली, की दोन लायनिंगांच्या मधे पातळ, लाटेसारखी वळलेली पोलादी पाती दिसतात. दाबली की चपटतात, सोडली की पुन्हा लाट. तेलुगू मुलखातल्या अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रहा’त या गुणाला स्थितिस्थापक संस्कार म्हटलं आणि उदाहरण दिलं चटईचं. क्लचची बरीचशी सौम्यता या पात्यांत आहे. शर्यतीच्या पुष्कळशा प्लेटांतून तीच काढून टाकलेली असतात.

म्हणून ‘सगळ्यात चांगली प्लेट’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुणाबरोबर, कुठल्या रस्त्यावर, हे त्यात हवं. टॉर्क साधारण पाव पटीने वाढवलेल्या आणि रोज वांकिडीहून हद्दीपलीकडच्या राजुऱ्याला ये-जा करणाऱ्या गाडीला चांगलं ऑरगॅनिक लायनिंग आणि थोडी कडक प्रेशर प्लेट पुरते. टॉर्क दुप्पट केला असेल तर सेरॅमिकचा विचार करावा, आणि झटके मान्य करूनच. कुठलीही प्लेट घातली तरी पहिले सातआठशे किलोमीटर पाय हलका ठेवा. दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसायला तेवढं अंतर लागतं.